गंज काढू की राहू देऊ?

प्रश्न : आजोबांच्या संग्रहातलं ठासणीचं (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायचं) जुनं पिस्तूल माझ्याकडे आलंय. नळी तपकिरी पडलीय, दस्त्याला चीर आहे. जाणकार म्हणतात, असा नमुना क्वचितच मिळतो. पॉलिश करून नव्यासारखं करून घ्यावं का?

उत्तर : कृपया पॉलिश करू नका! सुरुवातीच्या काळात मी एका नळीवर पॉलिशपेपर फिरवला होता. चकाकी आली, पण कारागिराचा ठसा निम्मा पुसला गेला. तो परत आणता येत नाही. आजही ती नळी हातात घेतली की अंगठा नेमका त्याच जागी जातो.

आधी पिस्तूल भरलेलं नाही ना, ते पाहा. जुनी दारूही पेट घेते. नळीत लाकडी काडी टाका, तोंडापाशी खूण करा, मग ती बाहेरून नळीला लावून मापा. काडी पार मागपर्यंत पोचत नसेल तर आत काहीतरी आहे. मग हात न लावता तज्ज्ञाकडेच द्या.

तपकिरी थर घट्ट, गुळगुळीत असेल तर तो राहू द्या. ते त्याचं वय आहे. बोटाला लाल भुकटी लागत असेल तर मात्र गंज अजून धातू खातोय. तो थांबवायलाच हवा : हलकं तेल, मऊ कापड, भरपूर सबुरी. दस्त्याची चीर वाढत नसेल तर तशीच ठेवा. काहीही करण्याआधी फोटो काढा. कागदपत्रं, परवान्याचे नियमही तपासून घ्या.