ठाण्यात रिकाम्या पडलेल्या इमारतीत विस्थापित कुटुंबं राहतात. तिथे फोटो काढायला परवानगी लागते का?

रस्त्यावरून इमारतीचा फोटो काढायला सहसा परवानगी लागत नाही. आत जायचं असेल तर लागते, आणि ती सर्वांत आधी तिथे राहणाऱ्यांची. वास्तूचा फोटो काढण्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. पण दुसऱ्याच्या जागेत बेकायदा शिरण्याबद्दलचं भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९ मालकीपेक्षा ताबा कुणाकडे आहे ते बघतं. त्यामुळे 'हे कुठे त्यांच्या नावावर आहे?' हा युक्तिवाद चालत नाही. दार नसलं, नुसती ताडपत्री लावलेली असली, तरी ते कुणाचं तरी घर आहे. पहिल्या फेरीत कॅमेरा पिशवीतच ठेवा, चहा घ्या, दुसऱ्यांदा जाल तेव्हा काढा.

महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते. त्यात सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करायची. अशा ठिकाणी बोलावलं तरी वर चढू नका. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळची लकी कंपाउंडमधली इमारत कोसळून ७४ जण गेले. बांधकाम चालू असतानाच आत कुटुंबं राहत होती. अर्धवट स्लॅब फोटोत देखणा दिसतो, एवढंच.

एक मात्र आहे: परवानगी मिळाली म्हणजे सगळे फोटो ऑनलाइन टाकायला मोकळीक मिळाली असं नाही. चेहरा, मीटर नंबर, दुकानाची पाटी किंवा फोटोतलं जीपीएस यांवरून पत्ता कळला, तर घर रिकामं करायची वेळ त्यांच्यावर येऊ शकते, तुमच्यावर नाही. टाकण्याआधी लोकेशन काढून टाका आणि निवडलेले फोटो त्यांना दाखवा.