हेमाडपंती मंदिर म्हणजे नेमकं काय, आणि चुन्याशिवाय ते टिकलं कसं?

आधी नावाचा घोळ निस्तरू. हेमाद्री पंडित, म्हणजेच हेमाडपंत, हे देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचे मंत्री. काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख मात्र शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा. पंतांच्या दोनशे वर्षं आधीचं देऊळ त्यांच्या नावावर कसं लावणार? पण आपल्याकडे काळ्या दगडाचं जुनं देऊळ दिसलं की हेमाडपंती म्हणून मोकळं व्हायचं, अशी रीतच पडली आहे.

अंबरनाथ आणि सिन्नरचा गोंदेश्वर यांची शैली भूमिज. ती शिखरावरून ओळखा: चारही बाजूंना मधोमध खालून वर चढत गेलेला जाळीदार नक्षीचा पट्टा, आणि दोन पट्ट्यांच्या मधे छोट्या छोट्या शिखरांच्या उभ्या रांगा.

आता चुन्याचं. दगड इतके चोख घडवलेले की एकावर एक नुसत्या वजनाने बसतात. गरज तिथे एकाला कुसू, म्हणजे बाहेर काढलेली खुंटी, दुसऱ्याला ती बसेल अशी खाच. दगड दाब कितीही सोसतो, पण लांब तुळई केली की मधेच तडकते. म्हणून खांब जवळजवळ. मंडपातली ती दाटी हौसेची नाही, नाइलाजाची आहे.

माझं ऐकाल तर देवळात गेल्यावर मान वर करा. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार दगड तिरपे टाकायचे, की आतली जागा लहान होते आणि चौकोन फिरतो. त्यावर पुन्हा तसेच चार. शेवटी हातभर भोक उरतं, ते कमळ कोरलेल्या शिळेने झाकायचं. साध्या गावातल्या पडक्या देवळातही हे छत सापडतं. मोठ्या मंडपात हेच थर गोलाकार, एकेक थोडा आत सरकत गेलेला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरला, कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात, मधलं वर्तुळ झाकलेलंच नाही. भोवती बारा खांब, बरोबर खाली मोठी गोल शिळा आणि वर उघडं आभाळ. मी पहिल्यांदा तिथे उभा राहिलो तेव्हा मूर्ती बघायच्या राहूनच गेल्या.

खांबाच्या माथ्यावर, तुळईखाली, ढेरपोटे बुटके दिसतील, दोन्ही हातांनी छत तोललेले. ते कीचक. माझे सगळ्यात लाडके. देवांच्या चेहऱ्यावर ठरलेली शांतता असते, यांच्या चेहऱ्यावर कारागीर मोकळा सुटलेला असतो. एका देवळात (नाव नको) त्यांना ऑइलपेंट फासलाय, दात पांढरे, ओठ लाल. बघून पोटात कालवलं.

जायचं तर सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जा. बाहेरच्या भिंतीवर तिरपा उजेड पडला की उथळ कोरीवकामही उठून दिसतं. भर दुपारी तीच भिंत सपाट वाटते.