पौंडाचा आकडा नेमका कुणाचा?

प्रश्न : ऑनलाइन सेलमध्ये मासेमारीसाठी सात फुटी कार्बनचा स्पिनिंग रॉड घेतला. अंगावर 'मीडियम हेवी, १५–३० पौंड, २०–६० ग्रॅम' असं छापलंय. जाहिरातीत याच रॉडने पाण्याची भरलेली मोठी बाटली उचलून दाखवली होती. मार्वेच्या जेट्टीवर आमच्या ग्रुपमधले म्हणतात, हा कसला तीस पौंडी, मोठा शिंगाळा लागला की काडकन मोडेल. तीस पौंड म्हणजे साडेतेरा किलो ना? तेवढं वजन बांधून एकदाच खात्री करून घेऊ का?
– एक वाचक, मालाड

उत्तर : अजिबात बांधू नका. रॉड चांगला असला तरी मोडेल आणि तुमचा ग्रुप म्हणेल, बघ, सांगितलं होतं.

तो पौंडाचा आकडा तंगुसाचा, म्हणजे गळाच्या दोरीचा आहे. पंधरा ते तीस पौंडाला तुटणारी दोरी या रॉडवर वापरा, एवढंच कंपनी सांगते. रिळाचा ड्रॅग, म्हणजे किती ओढीला दोरी सुटावी ते ठरवणारा ब्रेक, आपण दोरीच्या ताकदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर लावतो. म्हणजे तीस पौंडी दोरीला दहा पौंड, साडेचार किलो. मासा त्याहून जोरात ओढायला लागला की रीळ दोरी सोडतं. ड्रॅग नीट लावलेला असेल तर रॉडवर साडेतेरा किलो येण्याचा प्रसंगच नाही. शिवाय हे आकडे सगळ्या कंपन्या एकाच मापाने ठरवत नाहीत. एकाचा 'मीडियम हेवी' दुसऱ्याच्या 'मीडियम'एवढाच निघतो.

तपासायचंच तर साडेचार किलोपर्यंत तपासा. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हातातला डिजिटल काटा घ्या. दोरी सगळ्या कड्यांतून ओवून काट्याच्या हुकाला बांधा, ड्रॅग घट्ट करा. मित्राला रॉडचं बूड कमरेला टेकवून, रॉड जमिनीला समांतर धरायला सांगा. त्याहून वर नको. तुम्ही टोकाच्या खाली, जरा बाजूला उभे राहून काटा सावकाश सरळ खाली ओढा. दोघांनीही डोळ्यांवर चष्मा लावा, कार्बन फुटला की त्याच्या काड्या उडतात. मित्र लगेच कुरकुर करेल, आणि ते खरंच आहे. टोकाला साडेचार किलो असले की त्याच्या पुढच्या हातावर त्याच्या तिप्पट-चौपट भार येतो. काठी लांब, पकड आखूड, त्यामुळे तरफ माशाच्या बाजूने चालते. साडेतेरा किलो टोकाला धरून दाखवणारा माणूस जेट्टीवर असेल तर मलाही भेटवा.

आता वाक बघा. दोन किलोला टोकाकडचा भाग छान वाकला, साडेचारला वाक मधोमध उतरला आणि मुठीच्या वरचा जाड भाग अजून ताठ आहे, तर रॉड छापल्याप्रमाणे आहे. दोन-अडीच किलोलाच सगळी काठी मुठीपर्यंत झुकली, तर ग्रुपचं खरं. साडेचारला नुसतं टोकच हललं, तर रॉड लेबलपेक्षा जड आहे. ऐकायला बरं वाटतं, पण त्यावर वीस ग्रॅमचं ल्यूअर (नकली आमिष) लांब जाणार नाही. मात्र 'फास्ट' लिहिलेला रॉड आधी टोकाकडूनच वाकतो, त्याला कमजोर समजू नका.

ती बाटलीची जाहिरात पुन्हा नीट बघा. रॉड वजनाच्या दिशेने जवळजवळ सरळ धरलाय का? तसं असेल तर भार दोरीने पेलला, काठीने नाही. उलट रॉड डोक्यामागे उभा नेऊन मासा पायाशी ओढला की सगळा ताण बारीक टोकावर येतो. टोकापासून वीतभरावर मोडलेले रॉड माझ्याकडे दुरुस्तीला येतात, त्यांच्या मालकांना 'कसा मोडला?' असं मी हल्ली विचारतही नाही.

माझं मत विचाराल तर लेबलवर गंभीरपणे घ्यायचा आकडा ग्रॅमचा, म्हणजे रॉडने फेकायच्या वजनाचा. मार्वेच्या खाडीत ओहोटीला पाणी असं ओढतं की हलकं शिसं तळाला टिकत नाही, मग लोक शंभर ग्रॅमचं लावून जोरात झुगारतात. साठ ग्रॅमच्या रॉडला ते झेपणारं नाही. शिसं आणि चारा मिळून साठच्या आत ठेवा, किंवा तळाच्या गरीसाठी वेगळी, फायबर ग्लासची जाडजूड काठी घ्या. ती जड असते, पण दगडावर आपटलेली सोसते. कार्बन मोडायला मात्र दगडाने किंवा शिशाने उडालेला एक टवका पुरतो. असा टवका शोधायला कापूस काठीवरून फिरवा. तंतू अडकला तर तिथे नख लावून बघा.

शिंगाळ्याबद्दल : पाण्यात त्याचं वजन फारसं जाणवत नाही, जाणवते ती ओढ. जेट्टीवर उचलताना मात्र पूर्ण वजन येतं. तेव्हा रॉड बाजूला, हातजाळी खाली. त्याच्या पाठीच्या आणि बाजूच्या काट्यांपासून हात लांब ठेवा, ते विषारी असतात.

आणि ती डिजिटल काट्याची परीक्षा आजच करा, परत करायची मुदत संपायच्या आत. एकदा खारं पाणी लागलं की विक्रेता सहसा परत घेत नाही.