आरसा थंड करायचा, पण किती?

प्रश्न : मी वाईला राहतो. दोन वर्षं खपून दुर्बिणीचा ८ इंची आरसा स्वतः घासला. काच साधी आहे, ३५ मिलिमीटर जाडीची, दुर्बीण एफ/६, म्हणजे फोकसचं अंतर आरशाच्या व्यासाच्या सहापट. पण जानेवारीत गच्चीवर दुर्बीण लावली की रात्री अकरापर्यंत गुरूची प्रतिमा नुसती उकळल्यासारखी हलत असते. आरशाच्या पाठीला पेल्टिअर (वीज दिली की एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने गरम होणारी चकती) चिकटवून, आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) जोडून आरसा कायम १० अंशांवर ठेवावा असं मनात आहे. सर्किट सुचवाल का?

उत्तर : दोन वर्षं घासलेल्या आरशाला चिकटवाचिकटवी करण्याआधी विचारलंत, फार बरं केलंत. रोग तुम्ही अचूक ओळखलाय, औषध मात्र बदलू या.

दिवसभर स्लॅबखालच्या खोलीत तापलेली काच रात्री ऊब सोडत राहते. त्या उबदार हवेचा पातळ थर आरशापुढे लोळत असतो आणि प्रकाशाला त्यातून दोनदा जावं लागतं, येताना आणि परतताना. खात्री करायची तर एखादा ठळक तारा फोकसमधून थोडा बाहेर काढा. उजेडाची जी चकती दिसेल तिच्यात उदबत्तीच्या धुरासारख्या रेघा सावकाश सरकत असतील, तर ती ऊब आपल्या नळीतली. झरझर आडव्या पळणाऱ्या लाटा दिसल्या तर त्या वरच्या वाऱ्याच्या. त्यांना कुठलंच सर्किट उपयोगी नाही.

अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेच्या १०० इंची दुर्बिणीलाही हे भोगावं लागलं. १ नोव्हेंबर १९१७ च्या रात्री खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एलरी हेल यांनी तिच्यातून पहिल्यांदा गुरू पाहिला, तर एकावर एक चढलेल्या अनेक प्रतिमा! दिवसा काम करताना घुमट उघडा राहिला होता आणि आरसा उन्हाने तापला होता. हेल पहाटे पुन्हा आले तोवर काच निवली होती, आणि प्रतिमा स्वच्छ दिसली.

आता तुमचे १० अंश. संध्याकाळी हवा १८ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला दव धरू लागतं तो आकडा, साडेबारा अंशांच्या आसपास येतो. १० अंशांवरचा आरसा तेव्हा दवाने पांढरा होईल. पहाटे हवा ९ वर उतरली की तोच आरसा हवेपेक्षा गरम. म्हणून सर्किटने तापमान सांभाळायचं नाही, आरसा आणि हवा यांच्यातला फरक सांभाळायचा. तो एका अंशाच्या आत आला की गुरूचे पट्टे उमटू लागतात; अर्ध्या अंशावर आला तर अजून काय हवं!

पेल्टिअर काचेला चिकटवण्याची चूक मी केलेली आहे. डिसेंबर २०१२, गुरू रोहिणी ताऱ्याजवळ होता. ४० मिलिमीटरची चौकोनी चकती आरशाच्या पाठीवर, बरोबर मध्यभागी लावली. पाऊण तासाने रोहिणी पाहिली, तर फोकसच्या अलीकडची आणि पलीकडची वलयं एकमेकांशी जुळेनात. तोवर तो आरसा निर्दोष होता. काच उष्णता फार हळू पुढे सरकवते. मधला भाग गार होऊन आकसला, कडा मागे राहिली. तुमच्या काचेचा ढोबळ हिशेब मांडतो. साधी काच दर अंशाला दहा लाखांत ९ भाग आकसते. ३५ मिलिमीटर जाडीला, मध्य आणि कडा यांत एका अंशाचा फरक पडला, तर सुमारे ३१५ नॅनोमीटरचा खड्डा. आपल्याला परवडतो साधारण ७० चा. बोरोसिलिकेट काच याच्या जवळपास एक तृतीयांश आकसते, तरीही हिशेब जमत नाही. शिवाय पेल्टिअरच्या दुसऱ्या बाजूची उष्णता, त्याने खाल्लेल्या विजेसकट, नळीच्या बुडाशीच ओतली जाते.

म्हणून पंखा. तो आरशाला हवेच्या तापमानाखाली नेऊच शकत नाही, यातच त्याचं मोठेपण आहे. कॉम्प्युटरचा ८० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा पंखा आरशामागे, पाठीवर वारा येईल असा टांगा. स्क्रूने आवळू नका, चार रबरबँडांवर लटकवा, म्हणजे थरथर दुर्बिणीत उतरणार नाही.

तापमान मोजणारे डीएस१८बी२० जातीचे दोन सेन्सर घ्या. दोन्ही एकाच डेटा वायरवर चालतात. त्या वायरीपासून ५ व्होल्टला ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर जोडा. एक सेन्सर काचेच्या पाठीला टेपने लावून वर फोमचा तुकडा दाबा, नाहीतर तो काचेऐवजी पंख्याचा वारा मोजेल. दुसरा नळीपासून हातभर लांब, मोकळ्या हवेत. या सेन्सरची चूक अर्ध्या अंशापर्यंत असू शकते. म्हणजे दोघांत मिळून एक अंश, आणि आपल्याला मोजायचाय तोच एक अंश! त्यामुळे आधी थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून दोघांना दहा मिनिटं एकत्र बुडवा. आकड्यांत जो फरक येईल तो प्रोग्राममध्ये वजा करा. हे टाळलंत तर बाकीची सगळी मेहनत वाया.

पंखा मॉस्फेटने, म्हणजे आर्डुइनोच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचने, चालवा. दुकानात आयआरएलझेड४४एन असं स्पष्ट सांगा. एल ऐवजी एफ असलेला आयआरएफझेड४४एन सर्रास हातात येतो, पण आर्डुइनोच्या ५ व्होल्टवर तो पूर्ण उघडत नाही. मॉस्फेटच्या गेट या पायापासून ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर, पंख्याच्या दोन तारांमध्ये उलटा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग). फरक २ अंशांच्या वर असेल तर पूर्ण वेग, खाली येईल तसा कमी. हवा रात्रभर उतरत असते, म्हणून मी पंखा पूर्ण बंद करत नाही, मंद ठेवतो.

आणि दुर्बीण संध्याकाळी पाचलाच सावलीत बाहेर काढा. पावणेतीन किलो काच आहे ती, तिला वेळ लागतोच.

प्रश्न : मालवणला किनाऱ्यालगत घर आहे. गार दुर्बीण घरात आणली की आरशावर दव धरतं. मऊ कापडाने टिपलं तर चालेल ना?

उत्तर : नाही, कापूससुद्धा लावू नका. ॲल्युमिनियमचा लेप जेमतेम ०.१ मायक्रॉन जाड असतो, आणि त्या ओलाव्यात बसलेली धूळ कापडाखाली सॅंडपेपरसारखी फिरते. किनाऱ्यावर तर धुळीबरोबर मीठही येतं. दुर्बीण आत आणण्याआधी बाहेरच नळीची दोन्ही तोंडं झाकून घ्या आणि घरात तासभर तशीच राहू द्या. काच खोलीइतकी कोमट झाली की मगच झाकणं काढा. तरीही दव धरलंच, तर नळी आडवी ठेवून टेबलफॅनचा वारा सोडा आणि पूर्ण सुकल्याशिवाय झाकण लावू नका.