ग्रीन टीतील फिनॉलिक संयुगे अँटिऑक्सिडंट असूनही पेशींना मारक कशी ठरतात?
एकच संयुग दोन्ही कामे करते. कोणते होईल, हे मात्रा आणि परिसर ठरवतात. ग्रीन टीतील ईजीसीजी हे प्रमुख फिनॉलिक संयुग हायड्रोजन देऊन मुक्त मूलकांना (पेशींना इजा करणाऱ्या अतिक्रियाशील कणांना) निष्प्रभ करते, पण प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याच्या द्रवात ते स्वतःच ऑक्सिडाइज होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते आणि त्याने पेशी मरतात. (कपात राहिलेला ग्रीन टी तपकिरी पडतो, तेही ऑक्सिडेशनच.) म्हणून काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशी मेल्या, एवढ्यावरून औषधी गुण सिद्ध झाला असे मी मानत नाही, पेरॉक्साइडचे विघटन करणारे कॅटालेज हे एन्झाइम मिसळल्यावरही परिणाम टिकतो का, हे आधी पाहावे. मात्र कपभर चहाला घाबरण्याचे कारण नाही: युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली यकृताविषयी चिंता व्यक्त केली, ती पूरक गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम वा अधिक ईजीसीजी घेण्याबाबत.