ऑनिंगची स्प्रिंग खोलण्याआधी

ऑनिंगचं, म्हणजे दार-खिडकीवरच्या गुंडाळत्या कापडी छताचं, कापड अर्ध्यावर येऊन लोंबकळतंय म्हणजे ते ज्यावर गुंडाळलं जातं त्या नळीतली स्प्रिंग तुटलीच, असं लगेच धरू नका. बरेचदा तिचा पीळ उतरलेला असतो, नाहीतर कापडच तिरकं गुंडाळलं जात असतं. आधी शिडीवर चढून नळीची दोन्ही टोकं नीट बघा.

एक मात्र कळकळीने सांगतो, नळीच्या टोकाचं झाकण काढण्याआधी, स्प्रिंगचा दांडा फिरू नये म्हणून अडकवणीची पिन घालाच. कापड पूर्ण गुंडाळलेलं असलं तरी स्प्रिंगमध्ये पीळ शिल्लक असतो. पिन नसताना स्क्रू सुटला की दांडा गर्रकन फिरतो आणि पक्कड धरलेलं मनगट सोबत पिरगाळलं जातं. माझी दोन बोटं त्यापायी महिनाभर सुजलेली होती.

पीळ सोडताना फेरे मोजा, लगेच मार्करने लिहून ठेवा. नव्या स्प्रिंगला मात्र माहितीपुस्तिकेतलेच फेरे द्या. डावी आणि उजवी स्प्रिंग उलट दिशांना पिळतात, अदलाबदल करू नका. ग्रीस नको, धूळ धरतं. सिलिकॉन स्प्रे पुरे.

तुमचं ऑनिंग घडीच्या हातांचं, म्हणजे कापड पुढे ताणून धरणाऱ्या, कोपरासारख्या मिटणाऱ्या दांड्यांचं असेल, तर हाताच्या आतली स्प्रिंग उघडूच नका. तिथे अख्खा हातच बदलायचा, तोही मिटलेल्या अवस्थेत पट्ट्याने घट्ट बांधून.