फुटेज: मोजायचं की खायचं?

सोलापूरच्या एका नृत्यशिक्षिका विचारतात: बल्गेरियातल्या वार्ना इथल्या आंतरराष्ट्रीय बॅले स्पर्धेचं साठच्या दशकातलं फुटेज विद्यार्थिनींना दाखवायचंय, तर सूचनेत 'चित्रफीत' लिहू का? आणि बॅलेतल्या 'पिरुएट' या फिरकीला 'गिरकी' चालेल का?

'चित्रफीत' नको, 'जुनं चित्रण' लिहा. फुटेज म्हणजे चित्रफीत असं ठोकून देणाऱ्यांनी वस्तू आणि माप यांची गल्लत केली आहे. फीत ही वस्तू. पोर्तुगीज 'फिता'वरून आपल्याकडे आली आणि वेण्यांना बांधली गेली. (लिहायचीच तर 'फी' दीर्घ, पण 'फितीवर' ऱ्हस्व. सूचनाफलकांवर नेमकं उलटं असतं.)

फुटेज हे माप. फिल्म फुटांवर मोजत. 35 मिमीच्या एका फुटात 16 चौकटी, सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे मिनिटाला 90 फूट. वार्नाची स्पर्धा 1964 साली सुरू झाली, पहिलं ग्राँप्री, म्हणजे सर्वोच्च बक्षीस, व्लादिमिर वासिलियेव्हने नेलं. 1966 मध्ये बारिश्निकोव्हने तिथे कनिष्ठ गटातलं सुवर्णपदक मिळवलं. अशा नर्तकाचा दोन मिनिटांचा एकल नाच या हिशेबाने 180 फूट भरतो! म्हणून 'दोन फुटेजेस' ऐकलं की माझं डोकं उठतं. मापाचं कसलं अनेकवचन? 'सीसीटीव्ही फुटेजचा व्हिडिओ' तर विचारूच नका.

'फुटेज खाणं' मात्र झकास. हिंदी सिनेमावाल्यांकडून आलं म्हणून नाकं मुरडणारे मुरडोत. माझ्या मते त्यात महागड्या कच्च्या फिल्मची हळहळ आहे: वेळ खातात, जागा खातात, तशी नट फिल्म खातो. त्याचा भाऊ 'मायलेज'. एक फुटांत, दुसरा मैलांत, दोघेही आता राजकारणात. पुढाऱ्याला मायलेज मिळतं, फुटेज मात्र तो स्वतः खातो.

न कापलेल्या चित्रणाला मी तर 'ताका' म्हणेन. मागावरून उतरलेलं अखंड कापड, कात्री नंतर. सोलापूरकरांनीच हा शब्द रुळवायला हवा. परिभाषा घडवणारे 'असंपादित दृश्यसामग्री' म्हणत बसोत.

हां, गिरकी. पिरुएटला चालेल, ती एका पायावरची हे सांगा. 'फुएते' या बॅलेतल्या दुसऱ्या फिरकीला नको; तिथे मोकळ्या पायाचा फटकारा असतो आणि फ्रेंच नावातही तोच आहे.